दिसणे आणि वाटणे

इंग्रजीतून एखाद्या माणसाच्या दिसण्याचे वर्णन करावयाची वेळ आली, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांची धाव चारपाच शब्दांपलीकडे जात नाही. तरुण असेल तर 'स्मार्ट', देखणा असेल तर 'हॅण्डसम', मुलगी असेल तर 'ब्यूटिफुल', राहणी साधी असेल तर 'सिम्पल', आणि माणूस उंचापुरा असून आवाज खणखणीत असला की 'इम्प्रेसिव्ह पर्सनॅलिटी'. एवढ्या भांडवलावर मुलाखती, शिफारसपत्रे आणि लग्नाच्या जाहिराती हा सारा व्यवहार बिनबोभाट चालतो. मी सरकारी नोकरीत शिरलो तेव्हा माझी शिदोरी याहून फारशी मोठी नव्हती. एम्. ए.ला इंग्रजी घेतल्यामुळे तिच्यात दोनचार लांबलचक शब्दांची भर पडली होती, इतकेच. आणि त्यांपैकीच एका शब्दाने मला एकदा अडचणीत आणले.

२००७ सालची गोष्ट. मुंबईच्या एका कार्यालयात माझ्या हाताखाली एक सहायक होते. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी वडील, कर्जतहून रोज लोकलने ये-जा करणारे. वर्षअखेर त्यांचा गोपनीय अहवाल लिहावयाचा होता, आणि त्या वर्षी त्यांची बढतीही विचारात होती. व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात मी लिहिले की, हे गृहस्थ दिसण्यात 'अनप्रिपझेसिंग' आहेत. शब्द मोठा ऐटबाज होता; तो वापरावयास मिळाल्याचा मला थोडा आनंदही झाला असावा. दोन दिवसांनी अहवालाचे पुनर्विलोकन करणाऱ्या वरिष्ठांनी मला बोलावले. ते म्हणाले, "अहो, हा शब्द तुम्ही कोणाबद्दल लिहिला आहे?" मी सहायकांचे नाव सांगितले. "मला वाटते, तो तुमच्याबद्दल आहे," ते म्हणाले. "प्रिपझेस म्हणजे पाहणाऱ्याचे मन आधीच ताब्यात घेणे. यांना पाहून तुमचे मन ताब्यात गेले नाही, एवढीच माहिती या शब्दात आहे. ती झाली तुमची माहिती. मला त्यांची हवी. कपडे कसे असतात? बोलताना समोरच्याकडे पाहतात की नाही?" श्रोतेहो, मला उत्तर देता येईना. वर्षभर हा मनुष्य माझ्यापासून पंधरा पावलांवर बसत होता.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कोश उघडला, आणि जी विशेषणे मी आजवर माणसांना बिनदिक्कत चिकटवीत आलो होतो त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले. पाहू लागल्यावर ध्यानात आले ते असे, की यांतली बरीच विशेषणे मुळी क्रियापदे आहेत, आणि त्या क्रियापदांचे कर्म म्हणजे आपण, म्हणजे पाहणारे. 'स्ट्रायकिंग' म्हणजे आघात करणारा. 'अरेस्टिंग' म्हणजे जागच्या जागी अटक करून ठेवणारा. 'इम्पोझिंग' म्हणजे आपल्यावर स्वतःचे वजन लादणारा. आपल्या 'भारदस्त'मध्येही भार आहेच. 'फरबिडिंग' म्हणजे जवळ येऊ नका असे न बोलता बजावणारा. 'कमांडिंग' म्हणजे हुकूम सोडणारा. 'विनिंग' म्हणजे जिंकणारा. आणि सर्वांत गोड म्हणजे 'डिसआर्मिंग', हातातले शस्त्र काढून घेणारा. हातात काठी घेऊन दाराशी गेलेल्या घरधन्याने समोरच्याचे निर्व्याज हसू पाहून ती काठी खाली ठेवावी, असे चित्र त्या एका शब्दात आहे. ही सारी धातुसाधित विशेषणे आहेत. त्यांतील घटना पाहणाऱ्याच्या मनात घडते. परंतु व्याकरणाने ती उचलून दिसणाऱ्याच्या गळ्यात बांधली आहे.

संस्कृताश्रयी मराठीतही हा प्रकार नाही असे नाही. 'मनोहर' म्हणजे मन हरण करणारा, 'चित्ताकर्षक' म्हणजे चित्त ओढणारा; ही भावंडे त्याच कुळातली. पण घरगुती मराठी बोलताना आपण सहसा असे म्हणत नाही. आपण म्हणतो, "मला तो जरा घुम्या वाटतो", "मला तर बाई ती गर्विष्ठ वाटली." या 'मला'कडे लक्ष द्यावे. 'वाटणे' हे क्रियापद चतुर्थीवाचून पुरते होत नाही. कोणाला वाटले ते सांगावे लागते, आणि सांगितले नाही तरी ऐकणारा विचारतोच. इंग्रजीलाही 'सीम्स टू मी' म्हणता येते, पण त्या भाषेत ते एक जादा पुच्छ आहे आणि घाईच्या लेखणीला ते नकोसे होते. आपली रचना मला अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात हेही मला 'वाटते'च.

दुसरी एक गंमत पाहा. आपल्याकडे 'पाहणे' आणि 'दिसणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पाहणारा एक, दिसणारा दुसरा. इंग्रजीत दोघांचे काम 'लुक' हा एकटा शब्द करतो. त्यामुळे 'ही लुक्ड अँग्री' म्हटले तर तो रागावलेला दिसला, आणि 'ही लुक्ड अँग्रिली' म्हटले तर त्याने रागाने पाहिले. विशेषण आले की तो दिसणारा, क्रियाविशेषण आले की तो पाहणारा. आपल्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो, आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. एकाच खिडकीतून आतले आणि बाहेरचे दोघेही डोकावत असले म्हणजे असे व्हावयाचेच.

याच 'लुक'पासून झालेले 'लुकिंग' हे शेपूट मात्र फार उपयोगी आहे. 'डिस्टिंग्विश्ड' म्हणजे नामवंत. 'डिस्टिंग्विश्ड-लुकिंग' म्हणजे नामवंतासारखा दिसणारा, मग तो वास्तवात एखाद्या लॉजचा व्यवस्थापक असो. लेखकाने येथे जबाबदारीतून अंग काढून घेतले आहे. मात्र हे शेपूट गुणवाचक शब्दाला लावले की त्यात किंचित संशयाचा वास येतो. 'ऑनेस्ट मॅन'च्या हाती आपण पाकीट देऊ. 'ऑनेस्ट-लुकिंग मॅन'च्या हाती देताना आतल्या नोटा मोजू. मराठीत 'सभ्य' आणि 'सभ्य दिसणारा' यांतही हेच अंतर आहे. प्रत्ययांचा खेळही असाच सूक्ष्म. 'चाइल्डलाइक' चेहरा म्हणजे बालसुलभ, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. 'वुमनली' हा गौरव आहे, 'वुमनिश' हा टोमणा. मूळ शब्द तोच, वस्तू तीच. बोलणाऱ्याच्या ओठांची मुरड तेवढी बदलली.

ओठांची ही मुरड पाहावयाची असेल तर बारीक माणसाला काय म्हणतात ते पाहावे. 'स्लेंडर' म्हणजे आपला शेलाटा. त्यात डौल आहे. 'स्लिम' म्हणजे सडपातळ, आणि हा शब्द बहुधा अभिनंदन म्हणून वापरतात. 'लीन' म्हणजे काटक. मांस कमी, पण जे आहे ते कामाचे. 'थिन' म्हणजे नुसता बारीक. पुष्कळ दिवसांनी भेटलेली मावशी "बारीक झालास रे" म्हणते, तेव्हा ती अभिनंदन करीत नसते. 'स्किनी' म्हणजे हडकुळा, 'स्क्रॉनी' म्हणजे लुकडा, आणि 'गॉन्ट' म्हणजे गालफडे बसून डोळे खोल गेलेला खप्पड मनुष्य. वजनाच्या काट्यावर हे सारेजण एकाच आकड्यावर उभे राहू शकतात. बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बी.बी.सी.च्या 'ब्रेन्स ट्रस्ट' या कार्यक्रमात विशेषणांची रूपे क्रियापदासारखी चालवून दाखविली होती: एकच स्वभावगुण आपल्याकडे असला तर तो निश्चय, समोरच्याकडे असला तर हट्ट, आणि तिऱ्हाइताकडे असला तर निव्वळ गाढवपणा. त्याच चालीवर मी सडपातळ, तुम्ही बारीक, तो लुकडा. मी भरल्या अंगाचा, तुम्ही स्थूल, तो ढोल्या, असे पाढे आपल्यालाही म्हणता येतील.

ही विशेषणे आजच्या अर्थावर जन्मली नाहीत. त्यांतल्या कित्येकांची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे दर्शनाने मनावर उमटणारा ठसा किती चंचल असतो याचा अंदाज येतो. 'अग्ली' हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ भीती वाटावी असा. म्हणजे कुरूपता ही प्रथम चेहऱ्यावर नव्हती. पाहणाऱ्याच्या छातीत होती. 'फॉर्मिडेबल'च्या मुळाशीही लॅटिनमधली भीतीच आहे. आणि आपण ज्याला कौतुकाने 'रुबाबदार' म्हणतो, तो रुबाब अरबीतल्या धाक या अर्थाच्या शब्दापासून आलेला. एका भीतीचे रूपांतर कुरूपतेत झाले आणि दुसरीचे ऐटीत.

'प्रिटी' हा आज गोंडस मुलीला लावावयाचा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धूर्त, कपटी असा होता. धूर्ताचा चतुर झाला, चतुराचा सुबक झाला, सुबकाचा गोंडस झाला. हे फार विचित्र वाटावयाचे कारण नाही, कारण आपल्याकडे आजी नातवाचा गालगुच्चा घेऊन "लबाड!" म्हणते तेव्हा तिला तो लबाड वाटत नसतो. 'हॅण्डसम'मधला 'हॅण्ड' म्हणजे हातच. मूळ अर्थ हाताळावयास सोपे, हाताजोगे. पुढे सोयीचे, पुढे बऱ्यापैकी भरघोस, आणि त्यानंतर देखणे. भरघोसपणाचा अर्थ अजून जिवंत आहे, म्हणून रक्कमही हॅण्डसम असते. हा शब्द पुरुषांनाच लावावा ही समजूत अलीकडची. जेन ऑस्टिनने १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत नायिका एमा हिला पहिल्याच वाक्यात हॅण्डसम म्हटले आहे. आजही प्रौढ, ताठ कण्याच्या, तेजस्वी स्त्रीला हा शब्द लावला तर तो चुकीचा ठरत नाही. 'प्रिटी' तिला शोभणार नाही.

'स्मार्ट'ची कथा तर मराठी माणसाने ऐकावीच अशी आहे. मुळात हे क्रियापद, अर्थ, झोंबणे. जखम स्मार्ट होते, म्हणजे चुरचुरते. झोंबणाऱ्यावरून तीव्र, तीव्रावरून चपळ, चपळावरून हुशार आणि मग नीटनेटका असा त्याचा प्रवास झाला. आपल्याकडेही डोळे चुरचुरतात आणि लेख चुरचुरीत असतो. अंगाला चुणचुण लागते आणि मुलगा चुणचुणीत निघतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. आज मात्र या शब्दाला तीन घरे झाली आहेत. अमेरिकेत स्मार्ट म्हणजे मुख्यतः बुद्धिमान, इंग्लंडात पुष्कळदा टापटिपीच्या पोशाखाचा, आणि पुण्या-मुंबईत दिसावयास छान. त्यामुळे उमेदवाराच्या नावापुढे परीक्षकाने 'स्मार्ट' एवढेच लिहिले असेल तर त्याने अक्कल पाहिली, इस्त्री पाहिली की नाक पाहिले, हे त्यालाच विचारावे लागेल.

'डॅपर' हा डच शब्द. त्या भाषेत तो शूर, दणकट गड्याला लावीत. इंग्रजीत येता येता त्याची तलवार गेली आणि हातात रुमाल आला. चापूनचोपून पोशाख केलेल्या, बहुधा बुटक्या पुरुषाला आता तो लावतात. आमच्या अधिकारीवर्गाला लागू पडणारा शब्द 'पोर्टली' हा होय. 'पोर्ट' म्हणजे चालण्याबसण्यातला डौल. त्यावरून पोर्टली म्हणजे डौलदार. डौलदार माणसे खुर्चीत बसून बसून रुंद होत गेली आणि शब्दही त्यांच्याबरोबर रुंदावला. आज त्याचा अर्थ सभ्य भाषेत ढेरपोट्या असा आहे. 'ग्लॅमर' हे तर 'ग्रामर'चेच स्कॉटलंडमधील अपभ्रष्ट रूप. अडाणी लोकांना व्याकरण म्हणजे गूढविद्या वाटे, गूढविद्या म्हणजे जादू, आणि जादू म्हणजे डोळ्यांवर टाकलेली भूल. व्याकरणाच्या तासाला बसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे खरे वाटणार नाही.

अव्यवस्थित माणसासाठीचे शब्द बहुधा केसांवरून निघालेले दिसतात. 'अनकेम्प्ट' म्हणजे न विंचरलेला. 'डिशेव्हल्ड' हा फ्रेंचमधून आलेला, त्यातही केसच मोकाट सुटले आहेत. 'हॅगर्ड' हा मात्र शिकाऱ्यांचा शब्द. रानातच मोठा झालेला आणि मग पकडलेला ससाणा तो हॅगर्ड; त्याच्या बावरलेल्या, रानटी नजरेवरून जाग्रणाने किंवा काळजीने ओढलेल्या चेहऱ्याला हे नाव पडले. या बाबतीत आपली मराठी अधिक धीट आहे. तिने थेट देवाघरचे शब्द घेतले. पूजेपूर्वी मनात आणावयाचे देवाचे रूप ते ध्यान, आणि "काय ध्यान आहे!" म्हणजे काय ते आपण जाणताच. विष्णूने दहा वेळा घेतला तो अवतार, आणि आई शाळेतून आलेल्या मुलाला "काय अवतार केलायस!" म्हणते तोही अवतारच. 'अजागळ' बिचारा बोकडाच्या गळ्याला लोंबणाऱ्या निरुपयोगी स्तनावरून आला.

रंगरूपावरून स्वभाव ओळखण्याची एक जुनी वैद्यकीय समजूत युरोपात होती आणि तिचे अवशेष या विशेषणांत शिल्लक आहेत. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस मानीत. त्यांच्या मिश्रणाला 'कॉम्प्लेक्शन' म्हणत. मिश्रण चेहऱ्याच्या वर्णात प्रकट होते असे मानल्यामुळे पुढे वर्णालाच ते नाव राहिले. तांबूस चेहऱ्याचा, आशावादी तो 'सँग्विन', म्हणजे रक्तप्रधान. वात-पित्त-कफ मानणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावयास नको. ग्रहही मागे राहिले नाहीत. गुरूच्या अमलाखालचा तो हसतमुख 'जोव्हिअल', शनीच्या अमलाखालचा तो काळवंडल्या मुद्रेचा 'सॅटर्नाइन'. येथे तर गुरू आणि शनी यांचे स्वभाव दोन्हीकडे अगदी जुळतात. 'सिनिस्टर' म्हणजे लॅटिनमध्ये डावा. त्यावरून अशुभ, पाहताच मनात पाल चुकचुकावी असा. आपल्याकडेही दैव वाम होते. पण संस्कृतात त्याच 'वाम'चा दुसरा अर्थ सुंदर असाही आहे, म्हणून तर सुंदर डोळ्यांची स्त्री ती वामलोचना. इंग्रजीला ही उदारता सुचली नाही.

इथवर शब्दांची गंमत झाली. परंतु चेहरा म्हणजे स्वभावाची अनुक्रमणिका ही समजूत गमतीपुरती राहत नाही. अठराव्या शतकात झुरिकचे लावाटर या नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. मुखचर्येवरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्रावर त्यांनी १७७५ ते १७७८ या काळात मोठा ग्रंथ लिहिला आणि तो युरोपभर वाचला गेला. त्यांच्या अनुयायांत 'बीगल' जहाजाचे कप्तान फिट्झरॉय हे एक होते. १८३१ साली जगप्रवासाला निघताना बरोबर न्यावयाचा निसर्गाभ्यासक म्हणून एक तरुण त्यांच्यापुढे आला, तेव्हा कप्तानांनी त्याचे नाक पाहिले आणि त्यांचे मन शंकित झाले. असल्या नाकाच्या माणसात या सफरीला लागणारा उत्साह व निर्धार असेल काय? तो तरुण म्हणजे चार्ल्स डार्विन. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे, आणि आपल्या नाकाने खोटे सांगितले होते हे पुढे कप्तानांना पटले असावे, असेही त्यांनी मिस्कीलपणे म्हटले आहे. कप्तानांनी नकार दिला असता तर त्यांच्या दप्तरात कोणते विशेषण राहिले असते, याची मी पुष्कळदा कल्पना करतो.

लावाटर आता कोणी वाचत नाही, पण आपण अधिकारी मंडळी त्यांचेच काम करतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या सदरांखाली जे गुण दिले होते, ते त्यांनी ताडून पाहिले. हे गुण एकमेकांशी इतके जुळत होते की तसे जुळणे शक्यच नव्हते. बांधा चांगला, म्हणून बुद्धीही चांगली, म्हणून चारित्र्यही उत्तम! मूर्तीच्या मागे प्रभावळ बसवावी तशी एका गुणाची प्रभा साऱ्या माणसावर पसरते, आणि थॉर्नडाइकांनी या दोषाला दिलेले नावही प्रभावळ याच अर्थाचे आहे. अगदी अलीकडे, २००६ साली, प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा केवळ दहावा भाग दाखविले आणि हा विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, असे विचारले. वेळेचे बंधन नसताना लोक जे मत देत, तेच मत बहुतांशी त्या निमिषातही तयार झालेले होते. अधिक वेळ दिला तेव्हा मत फारसे बदलले नाही; आपल्या मतावरचा विश्वास तेवढा वाढला. मुलाखतीत अर्धा तास समोर बसणाऱ्या उमेदवाराने हे न ऐकलेले बरे.

आणि विशेषण वाईटच असावे लागते असेही नाही. सर्वोच्च न्यायालयात २००८ साली देव दत्त या सरकारी अभियंत्याचे प्रकरण निकालात निघाले. त्यांच्या अहवालात एका वर्षी 'गुड' असा शेरा होता. बढतीसाठी पाच वर्षे 'व्हेरी गुड' असा शेरा लागत होता. म्हणून 'चांगला' या शब्दाने त्यांचे नुकसान झाले, आणि तो शब्द त्यांना कोणी कळविलाही नव्हता, कारण प्रतिकूल शेरा तेवढाच कळविण्याची तेव्हा रीत होती. अहवालातील प्रत्येक नोंद संबंधिताला कळविली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. केंद्र सरकारने २००९ साली संपूर्ण अहवाल दाखविण्याचे आदेश काढले. लेखणी उचलताना हात थोडा जड झाला, तो तेव्हापासून.

कचेरीबाहेर मात्र असे न्यायालय नाही. लग्नाच्या जाहिरातींत आजही 'फेअर' आणि 'होमली' ही जोडी भेटते. मुलीच्या बापाला होमली म्हणजे घरात रमणारी, गृहकृत्यदक्ष असे म्हणावयाचे असते. इंग्लंडात तो शब्द साध्या, ऊबदार घराला शोभेल. अमेरिकेत मात्र होमली मुलगी म्हणजे दिसावयास बेताची, जवळजवळ कुरूपच. तिकडे वाढलेल्या मुलाच्या हाती ही जाहिरात पडली, तर बापाचा हा असामान्य प्रामाणिकपणा पाहून तो चकित होईल. 'फेअर'चा मूळ अर्थ सुंदर. गोरा हा अर्थ मागाहून चिकटला, आणि न्याय्य असाही एक अर्थ आहे, पण या जाहिरातींत तो फारसा वापरात नाही. आपल्याकडे एका सुप्रसिद्ध मलमाच्या नावात हा शब्द होता. २०२० साली 'फेअर'च्या जागी 'ग्लो' आला. आता मुलीने गोरे होण्याऐवजी चमकावयाचे आहे. 'व्हीटिश' हा तर आपणच गव्हाळवरून पाडलेला शब्द, इंग्लंडातल्या वाचकाला तो सहसा ठाऊक नसतो. आणि गंमत अशी की ज्या मराठीत 'नाकीडोळी नीटस' यासारखा नेमका, समंजस शब्दप्रयोग आहे, जी भाषा सावळ्या देवाला सुंदर म्हणत आली, ती बोलणारी माणसे हे चार इंग्रजी शब्द छापून आपल्या लेकींना त्यांत बसवू पाहतात. दिसावयास साधी, चारचौघींसारखी मुलगी म्हणजे इंग्रजीत 'प्लेन'. शार्लट ब्राँटीने १८४७ साली 'जेन एअर' लिहिली तेव्हा अशी 'प्लेन' मुलगीच मुद्दाम नायिका केली होती. आपल्या जाहिरातींत हा शब्द मला अजून आढळलेला नाही. चारचौघींसारख्या मुली कोठे जातात कोण जाणे.

आमच्या सहायकांचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. वरिष्ठांनी अहवाल मला परत दिला आणि आठ दिवसांची मुदत दिली. ते आठ दिवस मी त्यांच्याकडे चोरून पाहत होतो. त्यांना ते कळले असावे, कारण चौथ्या दिवशी त्यांनी मला काही हवे आहे का असे विचारले. नंतर मी लिहिले: कपडे धुतलेले असतात, परंतु लोकलच्या गर्दीमुळे चुरगळलेले. दाढी एक दिवसाआड. आवाज लहान, कामासाठी आलेल्या माणसाशी बोलताना त्याच्याकडे पाहून बोलतात व तो बसल्याशिवाय स्वतः बसत नाहीत. यांचा मसुदा दुसऱ्यांदा लिहावा लागत नाही. इंग्रजीत हे सारे अगदी सोप्या शब्दांत बसले. एकही शब्द कोशात पाहावा लागला नाही. वरिष्ठांनी ते वाचले, सही केली, आणि सही करण्यापूर्वी लाल पेन्सिलीने एवढेच खोडले: 'लोकलच्या गर्दीमुळे.' "हे तुम्ही पाहिलेत का?" त्यांनी विचारले. मी पाहिले नव्हते. मी तेव्हा कार्यालयाच्या गाडीने येत असे.